इंदूरचा सराफा: दोन रात्री, चार माणसं, क्रम कसा लावावा?

ताकभात

डिसेंबरात शुक्रवार आणि शनिवार अशा दोन रात्री इंदूरला मुक्काम आहे. हॉटेल राजवाड्यापासून रिक्षानं पंधरा मिनिटांवर. आम्ही चौघं. दोघं चाळिशीतले, आई-बाबा सत्तरीपुढचे. सराफ्याचे, म्हणजे तिथल्या रात्रीच्या खाऊगल्लीचे, व्हिडिओ भरपूर पाहिले, पण प्रत्येकजण वीस पदार्थ दाखवून "हे चुकवू नका" म्हणतो. वीस पदार्थ कुणाच्या पोटात मावतात कोण जाणे. माझे प्रश्न असे:

1. किती वाजता जावं, कुठून सुरुवात करावी आणि कशामागून काय खावं?
2. बाबांना मधुमेह आहे. त्यांच्यासाठी काय?
3. शनिवारी एकादशी आहे आणि आई उपवास काटेकोर पाळते. तिथली साबुदाणा खिचडी तिला चालेल का?
4. उघड्यावरचं तळण पारखायचं कसं?

दुकानांची यादी नको, ती नेटवर मिळते. खाण्यातलं कळणाऱ्यांनी लिहावं.

---

माळवी_मिरची

आधी जागा समजून घ्या. सराफा म्हणजे राजवाड्याच्या मागची सोन्याचांदीची पेठ. दिवसा काही हलवाई आणि चाटवाले सोडले तर तिथे फक्त पेढ्या. रात्री साडेआठच्या सुमारास शटरं पडू लागतात आणि त्याच ओट्यांवर, ओट्यांपुढे शेगड्या मांडल्या जातात. आठला पोचलात तर पेढ्या अजून उघड्याच दिसतील. साडेनऊ ते साडेदहा ही उत्तम वेळ, कारण तोवर तेल-तूप नीट तापलेलं असतं, माल ताजा असतो आणि गर्दी अजून हलती असते. शनिवारी साडेदहानंतर ज्येष्ठांना घेऊन त्या गल्लीत शिरू नका. पुढचा माणूस हलेल तेव्हाच आपण हलायचं, अशी गत होते. म्हणून मोठी फेरी शुक्रवारी करा आणि शनिवारी नऊला जाऊन दहाला बाहेर पडा.

रिक्षा राजवाड्यालाच सोडा. पुढे चालत पाच मिनिटं. स्वतःची गाडी असेल तर ती हॉटेलवरच राहू द्या, त्या भागात पार्किंग शोधण्यात भूक मरते. बसायला खुर्च्या नाहीत. बंद पेढीचा रिकामा ओटा दिसला की आई-बाबांना तिथे बसवायचं आणि द्रोण त्यांच्यापाशी न्यायचा, उलटं नाही. स्वच्छतागृहाचं काम हॉटेलवरूनच उरकून निघा.

आता प्रमाण. चार माणसांत प्रत्येक पदार्थाची एकच प्लेट. हा नियम मोडला की तिसऱ्या ठेल्यावर सगळे गार. एका रात्री सहा, फार तर सात पदार्थ होतात.

शुक्रवारचा क्रम मी असा लावेन: भुट्ट्याचा कीस, मग गराडू (तळलेला कंद), मग दहीवडा. त्यानंतर काही न घेता गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत यायचं. मग खोपरा पॅटिस आणि शेवटी जलेबा (थोरली जिलबी) आणि रबडी.

कीस मऊ, सौम्य आणि गरम असतो, रिकाम्या पोटाला बरा. गराडूवर लिंबू आणि मसाला सढळ असतो, त्यानं जीभ जागी होते आणि मग गोडसर दही गार वाटतं. उलट केलंत, म्हणजे जलेबा आधी खाल्लात, तर कीस फिका आणि दही आंबट लागणार. बहुतेक लोक नेमकी हीच चूक करतात, कारण जलेब्याची कढई लांबूनच दिसते.

शिकंजी पहिल्या रात्री नको. इथली शिकंजी म्हणजे लिंबू सरबत नव्हे. आटवलेलं दूध, दही, वेलची, केशर आणि सुकामेवा घातलेलं ते घट्ट पेय आहे. एक पेला म्हणजे अर्धं जेवण. तहान लागली म्हणून मागवाल तर फसाल.

---

झारा_कढई

क्रम पटला. तळणाबद्दल मी लिहितो.

गराडू हा कोनफळाच्या जातीचा कंद. थंडीतला पदार्थ, त्यामुळे डिसेंबर म्हणजे तुमचा मुहूर्त बरोबर आहे. उन्हाळ्यात कुणी देऊ केला तर सोडून द्या. सालीखाली बुळबुळीत चीक असतो आणि त्यानं हात खाजतात, म्हणून हाताला तेल लावून सोलतात. साधारण दोन सेंटीमीटरचे तुकडे करून आधी मंद आचेवर आतपर्यंत शिजेस्तोवर तळून काढतात. परातीत पिवळट, मऊ तुकड्यांचा ढीग दिसतो तो हाच. गिऱ्हाईक आलं की तेच तुकडे कडकडीत तेलात दुसऱ्यांदा जातात. वरून मसाला, लिंबू, की द्रोण तुमच्या हातात.

सगळी गंमत त्या दुसऱ्या तळणीत आहे. घाईच्या वेळी तुकडे अर्ध्या मिनिटात बाहेर काढले जातात, मग वरचा थर कुरकुरीत होत नाही आणि आतला चिकटपणा दाताला लागतो. "कडक तळून द्या" असं आधीच सांगा. आणि हातात आल्या आल्या खा. चार-पाच मिनिटं फोटो काढत बसलात तर पिठूळपणा घट्ट होतो आणि तुकडा रबरासारखा लागतो. त्यात गराडूवाल्याचा दोष नाही.

जलेबा: नावाप्रमाणे जिलबीचा थोरला भाऊ. एकेक नग पाव किलोच्या आसपास किंवा त्याहून जड. वजनावर विकतात. चौघांना एक पुरतो आणि उरतोही. मैद्याचं आंबवलेलं पीठ जाड धारेनं सोडतात. धार जाड असल्यामुळे आच मध्यम ठेवून जास्त वेळ तळावं लागतं, नाहीतर मधल्या वेटोळ्यात कच्चं पीठ राहतं. मोडून बघा. आतली नळी पोकळ आणि पाकानं भरलेली हवी, पांढरी पिठाळ रेघ दिसली तर दुसरा मागा. तुपातला असतो, म्हणून थंडीत चटकन गार होतो आणि टाळूला तूप चिकटतं. परातीतला नको, कढईतून पाकात आणि पाकातून थेट द्रोणात आलेला घ्या. त्यासाठी पाच मिनिटं थांबावं लागलं तरी थांबा.

प्रश्न 4 साठी, कढईसमोर उभं राहून एवढं बघा:

तेलाचा रंग थोडा गडद असला म्हणून लगेच घाबरू नका, मसालेदार पदार्थानं तो तसा होतोच. फेस पाहा. ताज्या तेलात पदार्थ टाकला की मोठे बुडबुडे येतात आणि विरतात. जुन्या तेलात बारीक, साबणासारखा फेस कडेला साचून राहतो. दुसरं, कढई रिकामी असतानाही धूर निघत असेल तर तेल थकलंय. तिसरं, झाऱ्यावरून थेंब पडतात की तार येते ते पाहा. तार येत असेल तर पुढे चला. एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेचा, नियम असा आहे की तेलात टोटल पोलर कंपाउंड्स (तेल तापून बिघडल्यानं तयार होणारे घटक) 25 टक्क्यांच्या वर गेले की ते तळणीला वापरायचं नाही. ते मोजायचं यंत्र आपल्या खिशात नसतं, पण वरच्या तीन खुणा त्याच बिघाडाच्या आहेत.

तळणापेक्षा जास्त सांभाळायचं ते न तापणाऱ्या गोष्टींना: हिरवी चटणी, चिरून ठेवलेला कांदा, पाणीपुरीचं पाणी, बर्फ. चटणीचं भांडं झाकलेलं आहे का, पळी आत बुडून पडली आहे का, एवढं पाहिलं तरी पुष्कळ. गर्दीचा ठेला त्यातल्या त्यात बरा, कारण तिथे माल पडून राहत नाही.

---

उपासतापास

प्रश्न 3. थेट उत्तर: खिचडी चालेल, पण तीन गोष्टी तोंडानं सांगून.

आपली खिचडी कढईत तुपात परतलेली असते. इंदूरची वाफेवरची. खाली पाण्याचं भांडं उकळत असतं, त्यावर साबुदाण्याचं मोठं पातेलं. दाणा मोकळा, पांढरा आणि ओलसर राहतो. गिऱ्हाईक आलं की विक्रेता एका भांड्यात खिचडी काढतो, त्यात मसाला, हिरवी मिरची, कोथिंबीर, लिंबू, शेव किंवा मिक्सचर घालतो आणि हातानं कालवून देतो. खिचडी जवळजवळ कोरी असते, चव सगळी या कालवण्यात येते आणि उपवासाची अडचणही तिथेच होते.

पहिलं, शेव. बेसनाची शेव उपवासाला नाही. "फलाहारी मिक्सचर" म्हणजे बटाट्याचा कीस आणि शेंगदाणे, ते मागा. दुसरं, मसाला. जीरावन, म्हणजे इंदूरचा वरून भुरभुरायचा मसाला, घातलं तर त्यात हळद, धणे, हिंग असतं. "सेंधा नमक, काली मिर्च, बस" असं सांगा. तिसरं, कोथिंबीर. माळव्यात ती उपवासाला सर्रास चालते, महाराष्ट्रातल्या बऱ्याच घरांत चालत नाही. विक्रेत्याला यात काही वावगं वाटणार नाही, म्हणून तो स्वतःहून विचारणारही नाही. कालवायला हात घालण्याआधी सांगा.

अगदी सोवळ्यातलं हवं असेल तर तेही सांगते: हात तोच, भांडं तेच, आधीच्या माणसाला बेसनशेव घातलेली. आईंना ते चालणार नसेल तर ठेल्यावरची खिचडी सोडाच. रबडी घ्या. आणि खोपरा पॅटिस उपवासाचं आहे असं परस्पर धरून चालू नका. आपल्याकडच्या उपवासाच्या पॅटिससारखंच ते दिसतं, वर बटाटा आणि आत ओल्या नारळाचं सारण, पण आवरणात आरारूट आहे की कॉर्नफ्लोअर हे विचारल्याशिवाय कळत नाही.

---

ताकभात

खूपच उपयोगी. आरारूटचा मुद्दा डोक्यातही आला नसता. बाबांचं राहिलं. आणि कीस परत आल्यावर घरी करायचा झाला तर प्रमाण काय? इथे स्वीट कॉर्नच मिळतो.

---

कणीसवाला

स्वीट कॉर्नचा कीस होतो, पण तो इंदूरचा कीस होत नाही. त्यात पाणी आणि साखर दोन्ही जास्त. परतता परतता खीर होते आणि मिरची कितीही घातली तरी गोडच लागतो. पावसाळ्यात मिळणारी साधी पांढरी कणसं बघा. दाण्यात नख रोवलं की दुधासारखा रस उडाला पाहिजे. रस येतच नसेल तर दाणा जून झालाय, कीस भरभरीत होणार.

मध्यम 6 कणसं किसणीच्या जाड बाजूनं किसा. साधारण 3 वाट्या कीस निघतो. मिक्सरमध्ये वाटायचा असेल तर एकदोनदाच फिरवा, गुळगुळीत झालं तर पिठल्यासारखं बसतं. उरलेल्या बुरकुंडावरून सुरीची पाठ फिरवून रस काढा. चव त्यात असते, बहुतेकजण तो फेकतात.

जाड बुडाच्या कढईत 3 मोठे चमचे तूप. मोहरी अर्धा चमचा, जिरं 1 चमचा, हिंग पाव चमचा, बारीक चिरलेल्या 3-4 हिरव्या मिरच्या, हळद चिमूटभर. कीस घालून मध्यम-मंद आचेवर 8-10 मिनिटं नुसता परता. आधी तो गोळा होतो, मग सुटा होऊ लागतो आणि कच्चा वास जातो. इथे घाई केली तर पुढे कितीही दूध ओता, कच्चेपणा राहतो. मग गरम दूध सव्वा वाटी, तीन हप्त्यांत. आधीचं आटल्याशिवाय पुढचं नाही. गार दूध नको, गोळ्या होतात. आणखी 12-15 मिनिटं. कडेनं तूप सुटलं की मीठ आणि अर्धा चमचा साखर घालून आच बंद करा.

लिंबू गॅस बंद केल्यावरच. दूध कढईत असताना पिळलंत तर ते फाटतं आणि कीस रवाळ, पाणीदार दिसतो. वरून कोथिंबीर, ओलं खोबरं, आवडत असेल तर चिमूटभर जीरावन.

स्वीट कॉर्नवाचून इलाजच नसेल तर दूध पाऊण वाटीवर आणा, साखर काढून टाका, मिरच्या दीडपट करा आणि कीस परतताना एक मोठा चमचा भाजलेला जाड रवा घाला, तो पाणी धरतो. अस्सल नव्हे, पण भाकरीशी जातो.

---

माळवी_मिरची

बाबांसाठी: खरं तर इथे साखर नसलेल्यापेक्षा स्टार्च नसलेलं शोधणं अवघड आहे. "तिखट आहे म्हणजे चालतं" या समजात राहू नका. गराडू, साबुदाणा, बटाटा, सगळ्यांची पोटात साखरच होते. साबुदाणा तर पक्का स्टार्च. त्यांना कीस चार चमचे आणि गराडूचे चार तुकडे द्या. मुगाचे भजे ताजे निघत असतील तर तेही, डाळीचे असल्यानं त्यातल्या त्यात बरे. दहीवड्याचं दही गोड असतं, म्हणून "मीठा दही कम, चटणी नको" सांगून एक घास. रात्री दहाला खायचं म्हणून संध्याकाळचं जेवण टाळायचं आणि गोळी किंवा इन्सुलिन मात्र नेहमीच्या वेळी, हा घोळ करू नका. साखर एकदम उतरते. सातच्या सुमारास पोळी-भाजी थोडी खाऊन निघावं आणि औषधाच्या वेळेचं डॉक्टरांना आधी विचारून ठेवावं.

दहीवड्याचं निघालंच आहे तर: जोशी दही बडावाल्यांकडे दह्यानं भरलेला द्रोण हवेत उडवून झेलतात आणि एकाच चिमटीत धरलेले मसाले वेगवेगळे भुरभुरतात. ते बघायला गर्दी होतेच. पण वड्याकडेही लक्ष द्या. चमच्यानं दाबला की पाणी न सुटता दबला पाहिजे. पाणी सुटलं तर भिजवून पिळताना आळस झालाय. हे कोणत्याही दुकानात लागू.

---

झारा_कढई

एक गोष्ट जोडतो. खिचडी आणि गराडू एकाच रात्री नकोत, दोन्ही जड. शुक्रवारी गराडू, शनिवारी आईंबरोबर सगळ्यांनीच खिचडी, मग शिकंजी आणि थेट हॉटेल. मावाबाटी खायची तर शनिवारी. गुलाबजामचीच जात, पण आकारानं मोठी आणि पोटात मावा-सुकामेव्याचं सारण. चौघांत एक. मालपुवा मात्र जलेब्याच्या रात्री बिलकुल नको, तूप आणि पाक दोन्हीकडे तेच.

आणि ते आगीचं पान, धुराची बिस्किटं. आगीच्या पानात विडा विक्रेताच तोंडात सारतो, लवंगांवरची ज्योत तोंड मिटताच विझते. दाढी-मिश्या आणि ओढणी सांभाळा, एवढंच. धुराचा प्रकार वेगळा. तो द्रव नायट्रोजनचा असेल तर धूर पूर्ण विरेपर्यंत तोंडात घालू नये, जीभ आणि घसा थंडीनं भाजतो. मुलं बरोबर असतील तर टाळाच. मोमो-नूडल्सच्या गाड्या दिसल्या तर थांबू नका. त्या पुण्यातही मिळतात, पोटातली जागा तिथे घालवू नका.

---

उपासतापास

जीरावन घरी न्यायचंच. माझा सल्ला: सराफ्यात रात्री घेऊ नका. दिवसा एखाद्या नमकीनच्या दुकानातून, ज्याच्याकडे विक्री भरपूर आहे, तिथून 100 ग्रॅमच्या दोन पुड्या घ्या. अर्ध्या किलोचा मोह नको. आमचूर आणि काळं मीठ ओलावा ओढतात, पुडी उघडली की दोन महिन्यांत गड्डा होतो आणि बडीशेप-लवंगेचा वास जातो. काचेच्या कोरड्या बरणीत, शेगडीपासून लांब. पोह्यांवर, उकडलेल्या बटाट्यावर, काकडीवर, ताकात चालतं. शिजवताना फोडणीत घालू नका, कडवट होतं. तो वरून भुरभुरायचा मसाला आहे.

---

कणीसवाला

शनिवारची सकाळ मोकळी असेल तर पोहे-जिलबी. सातच्या आधी निघा, नऊनंतर पोहे पातेल्यात बसून कोरडे होतात. तेही खिचडीसारखे उकळत्या पाण्याच्या वाफेवर ठेवलेले. आपल्या कांदेपोह्यांत कांदा फोडणीत, तिथे कच्चा वरून. फोडणीत बडीशेप, चवीला साखर, वर शेव आणि जीरावन, कुठेकुठे डाळिंबाचे दाणे. उसळ-पोहेही मिळतात, तिखट रस्सा वेगळा मागून घ्या, नाहीतर पोह्यांचा गाळ होतो.

आईंना एकादशीला यातलं काहीच नाही, हे लिहिताना लक्षात आलं. मग पोहे रविवारी निघायच्या सकाळी ठेवा.

आणि एवढ्या गर्दीत बसणं जमणार नाही असं वाटलं तर छप्पन दुकान भागात जा. तिथे दिवसाही सगळं सुरू असतं, रस्ता वाहनांना बंद, बसायला जागा आहे. खोपरा पॅटिस तिथल्या विजय चाटमध्येच खाऊन घेतलंत तर सराफ्यात एक पदार्थ कमी आणि आई-बाबांचे पायही वाचतील. जॉनी हॉटडॉगमध्ये ऑर्डर देताना व्हेज की नॉनव्हेज ते स्पष्ट सांगा, तिथे दोन्ही मिळतं.

---

ताकभात

ठरलं: शुक्रवारी दुपारी छप्पनला पॅटिस, रात्री साडेनऊला कीस, गराडू, दहीवडा, जलेबा. शनिवारी नऊला खिचडी (सेंधा मीठ, मिरपूड, बस), शिकंजी, अर्धी मावाबाटी. रविवारी सकाळी पोहे. गराडू कच्चा घरी आणला तर किती दिवस टिकतो?

---

झारा_कढई

न चिरलेला, माती न धुतलेला, हवेशीर टोपलीत ठेवला तर दोन-तीन आठवडे सहज. फ्रीजमध्ये नको. घेताना दाबून पाहा, मऊ ठिपका असेल तर आतून काळा निघतो. हाताला तेल लावायला विसरू नका.